जुन्या कॅमकॉर्डरच्या टेप लॅपटॉपवर घेणारी यूएसबी कॅप्चर स्टिक : कुठे चालते, कुठे नाही

अंगठ्याहून थोडी मोठी प्लास्टिकची डबी, एका टोकाला यूएसबीची पिन, दुसऱ्या टोकाला पिवळे, पांढरे आणि लाल अशी तीन गोल सॉकेट आणि त्यांच्या शेजारी एस-व्हिडिओचे काळे सॉकेट, असे या उपकरणाचे एकंदर रूप आहे. कॅमकॉर्डरमधून किंवा व्हीसीआरमधून येणाऱ्या अॅनालॉग चित्राचे आणि आवाजाचे डिजिटल रूपांतर करून ते लॅपटॉपच्या हवाली करणे, एवढेच तिचे काम. उत्पादनाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीची स्टिक कितीतरी नावांनी विकली जाते आणि बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन स्टिकमध्ये चिप निरनिराळ्या असू शकतात. पाचपैकी तारे द्यायचे झाले तर व्हिडिओ-एट, हाय-एट आणि व्हीएचएस-सी टेपसाठी तिला चार देईन, सोबत आलेल्या सॉफ्टवेअरला एकही देणार नाही, आणि मिनीडीव्ही किंवा डिजिटल-एट टेप ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती घेऊच नये असे सांगेन, मग खोक्यावर ‘सर्व प्रकारच्या टेपसाठी’ असे कितीही ठळक छापलेले असो.

हा शेवटचा भेद खोक्यावर कुठेच सांगितलेला नसतो आणि नेमके तिथेच ग्राहकाचे घोडे अडते. १९८५ मध्ये आलेला व्हिडिओ-एट आणि १९८९ मधला हाय-एट हे दोन्ही अॅनालॉग प्रकार आहेत. १९९५ मधला मिनीडीव्ही आणि १९९९ मधला डिजिटल-एट हे डिजिटल आहेत, म्हणजे त्यांच्या टेपवर चित्र आकड्यांच्याच रूपात आधीपासून लिहिलेले आहे. मिनीडीव्हीची कॅसेट काडेपेटीपेक्षा थोडीच मोठी असल्यामुळे लगेच ओळखू येते. डिजिटल-एटचे मात्र तसे नाही. तो हाय-एटच्याच कॅसेटवर रेकॉर्ड होतो, त्यामुळे कॅसेटवर ‘हाय-एट’ छापलेले असूनही आतले रेकॉर्डिंग डिजिटल असू शकते. अशा वेळी कॅसेटकडे पाहून काही कळत नाही, ती ज्या कॅमेऱ्यात भरली होती त्या कॅमेऱ्यावरची अक्षरे वाचावी लागतात.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे. बहुतेक कॅमकॉर्डरना टीव्हीसारखी तीन वेगळी सॉकेट नसतात. हेडफोनच्या पिनसारखे दिसणारे एकच साडेतीन मिलिमीटरचे छिद्र असते आणि त्यात जाणाऱ्या पिनवर तीनऐवजी चार धातूचे पट्टे असतात. कॅमेऱ्यासोबतची मूळ केबल हरवलेली असेल तर बाजारात तशीच दिसणारी दुसरी सहज मिळते, परंतु पट्ट्यांचा क्रम प्रत्येक कंपनीचा सारखा नसतो. चुकीच्या क्रमाची केबल लावली की पडद्यावर काहीच दिसत नाही आणि स्पीकरमधून मात्र सतत घरघर ऐकू येते, कारण चित्राचा संकेत आवाजाच्या वाटेने गेलेला असतो. या स्थितीत स्टिक नादुरुस्त आहे असे समजून ती परत पाठवणारे ग्राहक पुष्कळ असावेत. पिवळ्या सॉकेटमध्ये लाल पिन आणि लाल सॉकेटमध्ये पिवळी पिन घालून पाहावी, बहुतेक वेळा चित्र उमटते. नाहीतर पांढरी घालून पाहावी. रंग हे केबल बनवणाऱ्याच्या सोयीसाठी असतात, संकेताला त्यांचे सोयरसुतक नसते.

कॅमेऱ्याला एस-व्हिडिओचे सॉकेट असेल तर पिवळ्या पिनेचा विचारच करू नये. पिवळ्या तारेतून उजेडाची आणि रंगाची माहिती एकत्र येते आणि ती पुन्हा वेगळी करणे स्टिकमधल्या चिपला नीट साधत नाही. त्यामुळे रंगीत वस्तूंच्या कडांवर बारीक ठिपके रांगेने सरकताना दिसतात. एस-व्हिडिओमध्ये या दोन्ही गोष्टी स्वतंत्र तारांनी येतात आणि ते ठिपके नाहीसे होतात. हाय-एट टेपवर हा फरक साध्या डोळ्यांना स्पष्ट जाणवतो. आवाज मात्र एस-व्हिडिओतून येत नाही, तो पांढऱ्या आणि लाल तारेनेच घ्यावा लागतो, हे लक्षात न घेतल्यास सगळी टेप मुकी उतरते.

सोबतच्या सॉफ्टवेअरविषयी थोडक्यातच लिहिणे योग्य. ते एका छोट्या डिस्कवर येते, आणि आजच्या लॅपटॉपना डिस्क घालण्याची सोयच राहिलेली नाही. ते मिळवून बसवले तरी त्याचा सगळा रोख डीव्हीडी तयार करण्याकडे आहे, म्हणजे चित्र कॅप्चर होतानाच डीव्हीडीच्या एमपेग-२ पद्धतीने दाबले (कॉम्प्रेस केले) जाते आणि नंतर कापाकापी केली की पुन्हा दाबले जाते. त्याऐवजी ओबीएस स्टुडिओ किंवा व्हर्च्युअलडब यांपैकी एक विनामूल्य सॉफ्टवेअर वापरावे. विंडोजवर ज्यांना मूळ संकेत जसाच्या तसा साठवायचा आहे त्यांच्यासाठी व्हर्च्युअलडब उत्तम आहे, पण त्याची तयारी हवी : पाल पद्धतीचे (म्हणजे भारतातल्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीचे) ७२० बाय ५७६ चे चित्र काहीही न दाबता साठवले तर एका तासाला सुमारे ७५ जीबी जागा लागते. हफवाययूव्हीसारखा, काहीही न गमावता दाबणारा कोडेक लावल्यास ती बरीच खाली येते. ओबीएस वापरणे सोपे आहे, मात्र ते मूळ सेटिंगवर ठेवले तर टेपचे छोटे चित्र ताणून मोठ्या पडद्याच्या मापात बसवते आणि फाइल उगाच फुगते. कॅनव्हासचे माप टेपच्या मापाएवढे करावे. अमेरिका-जपानकडच्या एनटीएससी पद्धतीच्या टेपसाठी ते ७२० बाय ४८० आहे. डिस्क फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीला फाइल थांबते, म्हणून बाहेरची डिस्क आधीच एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घेणे शहाणपणाचे ठरते.

स्टिकचा खरा दोष आवाजात आहे आणि तो पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाही, म्हणूनच बहुतेक परीक्षणांतून तो निसटतो. माझ्याकडच्या एका हाय-एट टेपमध्ये एक मुलगा अंगणात भिंतीवर चेंडू मारत असतो आणि हे चित्रीकरण मधूनमधून तासभर चाललेले आहे. टेपच्या सुरुवातीला चेंडू भिंतीला लागतो तेव्हाच ठक्क असा आवाज येतो. पुढे पुढे हा आवाज मागे पडत जातो, आणि शेवटाकडे चेंडू भिंतीवर आपटून पुन्हा हातात आलेला असतो तेव्हा ठक्क ऐकू येते. वरातीमागून घोडे म्हणतात त्यातला प्रकार. याची कारणे दोन आहेत. पहिले असे की स्टिक चित्र आणि आवाज यांसाठी दोन वेगळी घड्याळे वापरते व ती एकमेकांशी बांधलेली नसतात, त्यामुळे तासाभरात थोडा थोडा फरक साठत जातो. हा फरक नियमित असल्यामुळे आवाजाची पट्टी तेवढ्या प्रमाणात आखडून किंवा ताणून संपूर्ण दुरुस्त करता येतो.

दुसरे कारण अधिक त्रासदायक आहे. टेपवर दोन चित्रीकरणांच्या मध्ये कोरा भाग असतो किंवा एखाद्या जागी टेप चुरगळलेली असते. तिथे संकेत तुटतो, स्टिक काही फ्रेम गाळते, परंतु आवाज मात्र अखंड चालू राहतो. मग त्या जागेपासून पुढचे सगळे एका झटक्यात सरकते आणि ताणण्या-आखडण्याने सुधारत नाही. यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे : टेप एका दमात न घेता कोऱ्या जागी थांबून तुकड्यातुकड्यांनी घ्यावी. फ्रेम गळण्याची बाकीची कारणे लॅपटॉपकडची आहेत आणि ती टाळता येतात. स्टिक हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावावी, चार्जर जोडलेला ठेवावा, स्लीप मोड आणि अपडेट बंद करावेत, आणि कॅप्चर चालू असताना त्याच लॅपटॉपवर दुसरे काम काढू नये.

काही स्टिक अजून एक उपद्रव करतात. विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या कॅसेटवर नक्कल होऊ नये म्हणून जो अडथळा घातलेला असे, तो ओळखण्याची सोय चिपमध्ये असते. घरगुती टेपचा संकेत जीर्ण झालेला असेल तर चिपला तोच अडथळा असल्याचा भास होतो आणि ती कॅप्चर नाकारते किंवा चित्र काळे करते. आपल्याच घरातल्या समारंभाची टेप ‘संरक्षित’ ठरवली जाण्याचा हा विनोद फार काळ हसू आणत नाही. माझ्या स्टिकने हे एका जुन्या टेपवर केले. तीच टेप दुसऱ्या कॅमेऱ्यातून वाजवल्यावर निमूटपणे घेतली.

या शेवटच्या गोष्टीतच या संपूर्ण व्यवहाराचे मर्म आहे. चित्राचा दर्जा स्टिकवर जितका अवलंबून आहे, त्याहून कितीतरी अधिक तो टेप वाजवणाऱ्या यंत्रावर अवलंबून आहे, आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. हाय-एटच्या काही वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्यांत मेनूमध्ये ‘टीबीसी’ नावाची सोय असते. टेपवरून येणाऱ्या चित्राच्या ओळी कधी किंचित आधी, कधी किंचित उशिरा सुरू होतात, आणि त्यामुळे दाराची चौकट किंवा विजेचा खांब यांसारख्या उभ्या रेषा पाण्यात पाहिल्याप्रमाणे थरथरतात. टीबीसी त्या ओळी पुन्हा सरळ रेषेत आणते. ही सोय असलेला कॅमेरा कुणाकडून उसना मिळाला, तर महागडी स्टिक घेण्यापेक्षा तो लाभ मोठा. याउलट चित्राच्या अगदी तळाशी दिसणारी फाटकी, सरकती पट्टी हा दोष नाही. टीव्हीच्या चौकटीआड ती पूर्वी झाकली जायची, लॅपटॉपवर संपूर्ण चित्र दिसत असल्यामुळे ती उघडी पडते इतकेच.

हाय-एट आणि व्हिडिओ-एट टेप असणाऱ्यांसाठी याहूनही चांगली एक वाट आहे, आणि तीत या स्टिकची गरजच राहत नाही. डिजिटल-एटचे पुष्कळसे कॅमेरे जुन्या अॅनालॉग टेपही वाजवतात आणि वाजवताना त्यांचे डिजिटल रूपांतर स्वतःच करून फायरवायरच्या, म्हणजे डिजिटल कॅमेरा संगणकाला जोडण्याच्या एका जुन्या पद्धतीच्या, तारेतून बाहेर देतात. त्यात चित्र आणि आवाज एकाच प्रवाहात बांधलेले येतात, त्यामुळे वर वर्णन केलेला चेंडूचा गोंधळ उद्भवत नाही. सगळ्याच मॉडेलमध्ये ही सोय नाही, विशेषतः नंतरच्या काही स्वस्त मॉडेलमधून ती काढून टाकलेली होती, तेव्हा कॅमेरा घेण्याआधी माहितीपुस्तिका पाहावी. आणखी एक : व्हीएचएस-सीची छोटी कॅसेट मोठ्या व्हीएचएस व्हीसीआरमध्ये घालण्यासाठी जसा अॅडॉप्टर मिळतो, तसा आठ मिलिमीटरच्या कॅसेटसाठी मिळत नाही. त्या टेपची रुंदीच वेगळी आहे, त्यामुळे असा अॅडॉप्टर शोधण्यात वेळ घालवू नये.

मिनीडीव्ही टेपवर स्टिक वापरणे म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणे होय. टेपवरचे डिजिटल चित्र कॅमेरा आधी अॅनालॉग करतो, स्टिक त्याचे पुन्हा डिजिटल करते, आणि या ये-जा करण्यात तपशील, रंग आणि टेपवर प्रत्येक फ्रेमसोबत लिहिलेली तारीख-वेळ हे सर्व वाटेत गळते. फायरवायरने तीच टेप घेतली तर रूपांतर असे काही होतच नाही. टेपवरचे आकडे जसेच्या तसे लॅपटॉपवर उतरतात, एका तासाची फाइल सुमारे १३ जीबीची होते, आणि विनडीव्हीसारखे छोटेसे सॉफ्टवेअर टेपवरची तारीख वाचून प्रत्येक चित्रीकरणाची वेगळी फाइल करून देते. कोणत्या दिवशी काय चित्रित केले होते हे घरात कुणालाच आठवत नसताना ही तारीख फार मोलाची ठरते. कॅमेऱ्यावर यूएसबीचे सॉकेटही असते आणि त्याचा मोह होतो, पण बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत ते स्थिरचित्रे काढून घेण्यासाठी किंवा टपाल तिकिटाएवढ्या चित्राचे वेबकॅमसारखे प्रक्षेपण करण्यासाठी दिलेले असते.

अडचण अशी की आजच्या लॅपटॉपवर फायरवायरचे पोर्ट नसते. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायरची चार पिनांची लहान पिन असलेल्या केबल ऑनलाइन सर्रास विकल्या जातात. त्या या कामाला येत नाहीत, कारण दोन्ही पद्धतींची भाषा वेगळी आहे आणि साध्या तारेने ती जुळत नाही. जुना विंडोज लॅपटॉप एक्सप्रेसकार्डच्या खाचेसह कुठे पडून असेल तर त्यात फायरवायरचे कार्ड घालता येते, डेस्कटॉपमध्ये आतले कार्ड बसवता येते, आणि विंडोजच्या नव्या आवृत्त्यांवर १३९४ चा (फायरवायरचेच हे दुसरे नाव) जुना ‘लेगसी’ ड्रायव्हर निवडावा लागतो. अॅपलच्या बाजूला थंडरबोल्टचे अॅडॉप्टर एकापुढे एक जोडून काम होत असे, परंतु २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस टाहोमधून फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे, म्हणून ज्यांना हा मार्ग घ्यायचा आहे त्यांनी आधीच्या आवृत्तीवरचा मॅक अपडेट न करता ठेवावा. फायरवायरची तार जोडताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद ठेवावेत. सहा पिनांच्या टोकातून वीजही वाहते आणि पिन उलटी घुसवली गेली तर कॅमेऱ्याचे पोर्ट कायमचे जाते.

पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारेतून एचडीएमआय करून देणाऱ्या छोट्या डब्यांविषयीही अनेकदा विचारले जाते. टीव्हीवर टेप पाहण्यासाठी त्या ठीक आहेत, साठवण्यासाठी नाहीत, कारण त्या चौकोनी चित्र रुंद पडद्याच्या मापात ताणतात आणि त्या ओघात चित्राच्या ओळींची भेसळ करून ठेवतात, जी नंतर कशानेही सुटत नाही.

ओळींचा हा मुद्दा स्टिकच्या बाबतीतही उरतोच. टेपवरचे चित्र इंटरलेस्ड असते, म्हणजे एका फ्रेममध्ये आधी एकाआड एक ओळी आणि नंतर उरलेल्या ओळी येतात. लॅपटॉपच्या पडद्यावर त्यामुळे धावत्या माणसाच्या कडांना कंगव्याचे दात फुटल्यासारखे दिसते. हे घालवायचे असल्यास पाल टेपसाठी सेकंदाला २५ फ्रेम न ठेवता ५० ठेवाव्यात, ओबीएसमध्ये याडिफ २एक्स हा पर्याय त्यासाठीच आहे, आणि मग हालचाल टीव्हीवर दिसायची तितकीच मऊ दिसते. मूळ फाइल मात्र इंटरलेस्डच जपावी आणि कुटुंबात वाटण्यासाठी एच.२६४ ची वेगळी प्रत करावी. एकदा ओळी मिसळल्या की त्या वेगळ्या करता येत नाहीत.

टेपची अवस्था पाहिल्याशिवाय यातले काहीही सुरू करू नये. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढुरकी भुकटी दिसली तर ती बुरशी असण्याचा संभव मोठा, आणि अशी कॅसेट कॅमेऱ्यात घातली तर बुरशी कॅमेऱ्यातल्या टेप वाचणाऱ्या हेडवर बसून पुढच्या चांगल्या टेपलाही लागते. धडधाकट टेपसुद्धा आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटलेले थर सुटतात, आणि पुसली जाऊ नये म्हणून तिच्या पाठीवरचा छोटा खटका आधीच सरकवून ठेवावा. चित्रात अचानक आडवे पट्टे किंवा चौकटी आल्या तर टेप खराब झाली असे लगेच मानू नये. बहुधा हेड मळलेले असते आणि कोरडी क्लीनिंग कॅसेट काही सेकंद चालवली की चित्र परत येते. ती जास्त वेळ चालवू नये, कारण ती हेड घासते.

बुरशी लागलेल्या, तुटलेल्या किंवा वाजवायला कॅमेराच उरला नाही अशा टेपसाठी स्टिकचा काही उपयोग नाही, त्या व्यावसायिकाकडेच द्याव्या लागतात. तिथेही मिनीडीव्ही टेप फायरवायरने घेणार का, मूळ डीव्ही फाइल हातात देणार की फक्त डीव्हीडी करून देणार, आणि कॅसेट परत मिळणार का, हे काम सोपवण्यापूर्वी लेखी विचारावे. एका सेवेकडून मला मिनीडीव्हीच्या टेपची डीव्हीडी मिळाली होती. तिच्यावर तारीख नव्हती आणि तळाशी तीच फाटकी पट्टी होती, जी डिजिटल टेपवर मुळात असतच नाही.